तव्यावरची बिजागरी

मल्लप्पाकाकांच्या घरी एकाच तव्यावर भाकऱ्या आणि मोटारीच्या बिजागऱ्या पाळीपाळीने भाजल्या जात. भाकऱ्या नागाक्काकाकू भाजत, बिजागऱ्या काका.

भवानी पेठेत आम्ही शेजारी. सत्तर सालच्या सुमारास काकांनी कुठूनशी एक जुनीपुराणी मोटार आणून भिंतीला खेटून उभी केली. तिचं सामान उतरवायचं, चिंचेच्या पाण्यात भिजत घालायचं, काथ्यानं घासायचं, धुवायचं आणि लगेच तव्यावर कोरडं करायचं, हा त्यांचा उद्योग. "गंजावर रंग म्हंजे, बाई, पारोशा तोंडाला पावडर की!" मी शाळामास्तरीण म्हणून 'बाई'. "बाई, वाईच चिंच हाय का?" हे ऐकून ऐकून मी चिंच लपवायला शिकले.

काकूंचं माहेर वैराग. गुडघे असे धरलेले, की एस.टी.ची पायरी चढवेना. म्हाताऱ्या आईला भेटून वर्षं झालेली. काका म्हणत, "गाडीला रंग लागू दे, मग जाऊ की."

"तवर आई ऱ्हायली पायजे," काकू म्हणत. काका घासत राहत. मला या माणसाचा भारी राग येई.

एकदाचा रंग लागला. निघायच्या आदल्या दुपारी काका तोंड पाडून दारात उभे. "बाई, बिजागरीची खीळ गावंना. दार कसं बसवू?"

आम्ही अंगण झाडलं, चुलीतली राख उकरली. रागारागात मी माझा चिंचेचा डबासुद्धा उपडा केला. शेवटी काकूंनी वाढायला म्हणून आमटीत पळी घातली, आणि खण्णकन आवाज आला. चिंचेचा कोळ समजून त्यांनी काकांची खीळ भिजत घातलेली वाटीच आमटीत ओतली होती!

"गावली!" काका मटकन खाली बसले. आमटी मोरीत गेली. शेंगाचटणीशी भाकरी खाताना आम्ही तिघंही पोट धरून हसत होतो.

सकाळी काकूंच्या बाजूचं दार नुसत्या बोटानं उघडलं. खाली काकांनी बुटकी लाकडी पायरीही बसवली होती. काकू कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग गाडी भिंतीपासून पुढं ढकलली. काकांच्या बाजूला रंगाचा ठिपका नव्हता. दार गंजून लाल, काथ्यानं बांधलेलं.

"काका, हे दार?"

"तिचं उघडतंय न्हवं?" म्हणत काकांनी धोतर खोचलं आणि खिडकीतून आधी डोकं आत घातलं.