धोंडोपंत साळिंदरांचं कळसदर्शन

एका जंगलात, बाळांनो, धोंडोपंत नावाचे साळिंदर राहत असत. तसलं जंगल हल्ली कुठे उरलेलं नाही. तेव्हा उगाच इकडेतिकडे बघू नका, समोर बघा.

धोंडोपंत गरीब मुळीच नव्हते. त्या जंगलात पैशांच्या जागी चिंचोके चालत आणि धोंडोपंतांच्या घरात चिंचोक्यांनी भरलेला रांजण होता. पण रांजणाचं झाकण काढायची वेळ आली की त्यांच्या पोटात गोळा येई. लोक त्याला चिक्कूपणा म्हणत. धोंडोपंत त्याला नियोजन म्हणत.

त्यांची बायको राधाक्का. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिची हौस एकच. तिची आई कंद सोलताना एक गाणं गुणगुणायची, 'पैलतीरी जळे बाई, दिवा कुणाचा एकला?' इथवर आलं की आई थांबे. पुढचं तिला येत नव्हतं. दिवा कुणाचा ते न कळताच बिचारी गेली. पुढचं गाणं राजधानीच्या रंगमहालात मैनाबाई गात. राधाक्काला ते एकदा शेवटपर्यंत ऐकायचं होतं.

"अहो, जाऊ या ना राजधानीला," ती दर वर्षी म्हणे.

"बघू," धोंडोपंत दर वर्षी म्हणत.

एका वर्षी मात्र ते "जाऊ" म्हणाले. त्यांचे व्याही राजधानी पाहून आले होते आणि उठता-बसता ऐकवत होते. खरं कारण ते होतं, हे राधाक्काला ठाऊक होतं. तरी तिला आनंदानं रडू आलं. कारण काही का असेना, पाय तर निघाले!

दशम्या बांधून दोघं राजधानीत आली. आधी लागलं संग्रहालय. सिंहांच्या राजघराण्यानं पूर्वापार खाल्लेल्या मान्यवरांची हाडं तिथे फार सुंदर मांडली होती. दाराशी एक अस्वल बसलं होतं.

"दोघांचे दोन मुठी चिंचोके," अस्वल म्हणालं.

धोंडोपंतांनी पोटावर हात दाबला. मान वर केली. इमारतीवर सोन्याचा कळस चकाकत होता. त्यांचा चेहराही चकाकला.

"अगं, देवळात गर्दी असली की आपण काय करतो? बाहेरूनच कळसाला हात जोडतो. कळस दिसला की देव पावला. शास्त्रच आहे तसं."

"ते देवळाचं हो. हे संग्रहालय आहे."

"कळस तो कळस. जोड हात."

राधाक्कानं हात जोडले. मग हळूच म्हणाली, "आत आपले आजोबा आहेत म्हणे."

"असतील तर सुखात असतील. कशाला उगाच उठवायचं?"

मग चित्रशाळेचा घुमट झाला. ग्रंथालयाचं शिखर झालं. राजवाड्याचा तर नुसता झेंडा दिसला, त्यालाही धोंडोपंतांनी नमस्कार ठोकला. दुपारपर्यंत सगळी राजधानी पाहून झाली. राधाक्कानं सगळीकडे हात जोडले. तिचा जीव संध्याकाळच्या गाण्यात अडकला होता.

रंगमहालाशी मात्र ती अडून उभी राहिली. "इथे आत जायचं हं. इथे मी ऐकणार नाही."

"वेडी कुठली! गाणं काय डोळ्यांनी बघायचं असतं? भिंतीला कान लाव."

तिनं भिंतीला कान लावला. आत मैनाबाईंनी सूर लावला. तेच गाणं! तीच चाल! राधाक्काचे डोळे भरून आले. 'दिवा कुणाचा एकला?' मैनाबाईंनी विचारलं आणि...

"ए! भिंतीला काटे लागतात!" पहारेकरी रानडुक्कर ओरडत आलं. "हला इथून!"

दोघांना पार कोपऱ्यापर्यंत हाकललं. पुढचं गाणं आतल्यांनी ऐकलं.

"अर्धं फुकटात पदरात पडलं," धोंडोपंत खुशीत म्हणाले.

राधाक्कानं वळून भिंतीकडे पाहिलं. आईला इथवरच का येत होतं, ते तिला आत्ता उमगलं. बाबांनीही आईला याच भिंतीशी उभं केलं असणार.

गावी परतल्यावर धोंडोपंतांचा भाव वधारला. ते पारावर बसून 'चिंचोका न मोडता राजधानी' या विषयावर व्याख्यानं देऊ लागले. ससे, हरणं, रानगवे झाडून सगळे ऐकायला येत. पुढच्या हंगामात अख्खं जंगल राजधानीला गेलं आणि बाहेर उभं राहून हात जोडून आलं. बाहेर मुंगीला वाव नाही. आत चिटपाखरू नाही.

सिंहाचा प्रधान कोल्हा. तो म्हणाला, "गर्दी जिथे, दर तिथे." त्यानं बाहेर कुंपण घातलं आणि कळसदर्शनाला चिंचोके लावले. आत जाणं फुकट करून टाकलं. कुणी जातच नाही, तिथे अस्वल कशाला पोसायचं?

पुढे राजधानीच्या कळस महोत्सवाला धोंडोपंतांना पाहुणे म्हणून बोलावणं आलं. बोलावणं होतं, चिंचोके मात्र माफ नव्हते. रंगमहालाच्या कुंपणाशी त्यांनी पिशवी सोडली आणि पहिल्या रांगेचे चिंचोके मोजले. नवल म्हणजे पोटात गोळा आला नाही. एवढ्या मोठ्या तज्ज्ञानं काय मागे उभं राहायचं?

राधाक्कानं पाहिलं, रंगमहालाचं दार सताड उघडं होतं. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता ती सरळ आत गेली.

आत बैठका रिकाम्या होत्या. त्यांवर धूळ होती. आढ्याला एक वटवाघूळ लटकलं होतं.

"दादा, मैनाबाई कुठे आहेत?"

"गेल्या वर्षीच वारल्या. फार खचल्या होत्या. रिकाम्या बैठकांपुढे गळा लागत नाही म्हणायच्या."

"मग ते पैलतीरीचं गाणं? त्यांनी कुणाला शिकवलं असेल ना?"

"शिकायला आत कोण येत होतं, बाई?"

राधाक्का आढ्याखाली सरकली. "पण तुम्ही तर इथेच राहता. तुम्ही ऐकलं असेल! दिवा कुणाचा होता हो?"

वटवाघूळ ओशाळलं. "मला रोज फुकटच होतं ना. म्हटलं, ऐकू कधीतरी निवांत."

राधाक्का धुळीतच बसली आणि आईच्या नावानं हुंदके देऊन रडली.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. धोंडोपंतांची हाक आली, "अगं, आत काय करतेस? इथून बघ, काय भव्य दिसतंय!"

तात्पर्य: कळसाला हात जोडले की पुण्य मिळतं, हे अगदी खरं आहे. म्हणून शहाण्यानं गाभाऱ्यात डोकावू नये. देव निघून गेलेला दिसला, तर मिळवलेलं पुण्य परत करायचं कुणाला?