आभारप्रदर्शन आणि वाळकी नदी

शुक्रवार, १२ एप्रिल. आकाश निरभ्र. दुपारी दोनला सावलीत ४१.६ अंश. वारा नाही.

आमच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या सार्वजनिक व्याख्यानात वक्ता जे श्रोत्यांना पटवून देतो, ते आभारप्रदर्शन संपेपर्यंत खरे असते. निमंत्रणपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तसे कळवलेले असते, पण पाहुणे फक्त बसची वेळ वाचतात. आभार मानण्याचे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे, म्हणजे वरिष्ठ लिपिकाकडे आहे.

पटले मात्र पाहिजे. नुसत्या टाळ्यांनी काही होत नाही. बुधवारचे ऊर्जेवरचे व्याख्यान कुणालाच पटले नाही. पंखे नेहमीसारखे विजेवरच फिरले. काल शाश्वत आहारावर बोलणाऱ्या गृहस्थांनी पानात काही न टाकण्याची बाजू चांगली मांडली. पावणेसात ते सव्वासात या वेळात गावातल्या एकाही ताटात घासभर अन्न उरले नाही. मग मी आभार मानले.

आजचा विषय ‘हवामान आणि न्याय : पुढच्यांचे पाणी’. वक्त्या पुण्याच्या डॉ. शर्वाणी तगारे, वय साधारण तेहेतीस. सुरुवात होईपर्यंत त्या फोनवर होत्या. “उठली का? रडतेय? बरं, मी पहाटेपर्यंत पोचतेच.” मग मला म्हणाल्या, “नऊ महिन्यांची मुलगी आहे, सासूबाईंकडे ठेवलीय. पावणेआठची बस चुकवून चालणार नाही.” मी तशी नोंद केली.

अध्यक्षस्थानी प्रा. सोनटक्के. श्रोते एकशे बारा.

डॉ. तगारे कागद न घेता बोलल्या. नदीवर आपला हक्क आहे हे सगळे मान्य करतात, मग अजून जन्माला न आलेल्या माणसाचा हक्क कमी कसा, असे त्यांनी विचारले. तो उशिरा येणार, एवढाच त्याचा दोष. पंगतीला उशिरा येणाऱ्यासाठी आपण वाढून झाकून ठेवतो. त्याच्या वाटणीचे खाऊन वर हात पुसत नाही.

“खरंय बाई,” मागच्या रांगेतून कौसाबाई लोमटे म्हणाल्या. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात आणि बावीस वर्षे टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यानंतर एकेक मान हलत गेली. सहा बावीसला सभागृहाला पटले.

आधी गार वारा आला. मग आवाज आला. वाळकी नदीचे पात्र आमच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर आहे. बावीस वर्षे ते कोरडे असून तिथे वीटभट्टी चालते.

“हा आवाज कसला?” डॉ. तगारे थांबल्या.

“आपल्या व्याख्यानाचा,” सोनटक्के सर म्हणाले. “आपण चालू ठेवा.”

कौसाबाई बाहेर जाऊन आल्या. त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत ओले होते. त्या रांगेतून जागेवर जाताना बसलेल्या माणसांनी त्यांच्या लुगड्याच्या ओल्या काठाला हात लावला. खिडकीतून पाणी दिसत होते. ते स्वच्छ होते, तळाचे गोटे मोजता येत होते आणि वर एक बगळाही उभा होता. इतकी वर्षे तो कुठे होता, हे मला सांगता येत नाही.

सात दहाला व्याख्यान संपले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“भाऊसाहेब, उठू नका,” कौसाबाई म्हणाल्या.

“पावणेआठची बस आहे त्यांची.”

“बस उद्या बी येती. नदी बावीस वर्षांनी आलीय.”

आभार मानल्याशिवाय वक्त्याला सभागृह सोडता येत नाही. म्हणजे इतरांसाठी दार उघडते, त्यांच्यासाठी उघडत नाही. डॉ. तगारेंनी दोनदा ओढून पाहिले आणि त्या परत आल्या.

“मी थांबले तर पाणी राहील?”

“हो.”

“किती दिवस?”

“आपण थांबाल तितके.”

त्या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. “मी आत्ताच जे बोलले, त्याप्रमाणे मला थांबायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “पण माझी मुलगीसुद्धा पुढच्यांपैकीच आहे हो.”

“अंगावर पिती का अजून?” कौसाबाईंनी विचारले.

“हो.”

कौसाबाईंनी एकदा खिडकीतून पाण्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “उठा भाऊसाहेब. पोरीला जाऊ द्या.” आणि त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली.

मी उठलो. साऊंडवाल्या इरफानने माईक हातात दिला.

“या वेळी माझं नाव खाऊ नका,” तो म्हणाला. “डिसेंबरात आंब्यांवरच्या व्याख्यानाला विसरलात, मी येऊन भांडेपर्यंत चार दिवस गावात आंबे लटकत होते.”

मी जुनी वही काढून पाहिली. त्याचे म्हणणे बरोबर होते. नियम नऊ : अखेरच्या व्यक्तीचे आभार मानून झाल्यावर आभारप्रदर्शन संपले असे समजावे.

“सर,” मी अध्यक्षांना विचारले, “अखेरची व्यक्ती कोण?”

सोनटक्के सरांनी चष्मा पुसला. “ज्यांच्यामुळे कार्यक्रम झाला, ते सगळे.”

“आणि ज्यांच्यासाठी झाला, ते?”

“त्यांना वगळणं बरं दिसणार नाही.”

मी प्रथम डॉ. शर्वाणी तगारे यांचे आभार मानले. दार उघडले. पाणी जागच्या जागी थांबले, बगळ्याने मान वळवली, आणि मी इरफानचे नाव घेताच पाणी पुन्हा वाहू लागले. डॉ. तगारेंना बस मिळाली. पुलावर ड्रायव्हरने बस दोन मिनिटे थांबवली होती, असे नंतर कळले. मी एकशे बारा श्रोत्यांपासून सुरुवात केली. नऊ वाजता पुढची नावे वाचायला सोनटक्के सरांनी माईक घेतला. मतदार यादी आणि शाळांचे हजेरीपट मागवण्यात आले.

सोमवार, १५ एप्रिल. आकाश निरभ्र. ३७.८ अंश.

सकाळी अकरा चाळीसला गाव संपले. शेवटची वस्ती कौसाबाईंनी तोंडपाठ सांगितली, तान्ह्या मुलांसकट. ३१,४०८ नावे झाली. कुणालाच पुढचे नाव आठवेना. बाहेरचा आवाज बारीक होत चालला. वीटभट्टीच्या बाजूला वाळूचा पट्टा दिसू लागला.

मधल्या रांगेतून रेवती भिसे उठल्या. त्यांना सातवा महिना आहे.

“भाऊसाहेब, पोटातल्याचं राहिलं.”

“नाव?”

“अजून कुठलं ठरतंय? सासू एक म्हणते, आई एक.”

मी लिहिले : नाव ठरायचे आहे. आणि माईकवर तसेच वाचून आभार मानले. बाहेरचा आवाज आणखी बारीक व्हायचा थांबला.

“आन् त्याच्या पोरांचं?” कौसाबाई म्हणाल्या.

“तेही ठरायचे आहे.”

“मग वाचा की! तोंडाकडं काय बघता?”

मी नव्या वहीत रेघा आखल्या.

रविवार, २१ एप्रिल. अंशतः ढगाळ. ३३.४ अंश. वारा नदीकडून.

वाचक सहा, पाळीने. वही चौथी. आजपर्यंत मानलेले आभार ८६,९१५; पैकी नाव ठरायचे असलेले ५५,५०७. पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी पाणी चार फूट दोन इंच. आभारप्रदर्शन चालू आहे.