ब्रेननची रेघ खाली का गेली

राजकारण मला कळतं! नागपूरला असताना महापालिकेपासून दिल्लीपर्यंत कोण येणार आणि कोण पडणार, हे मी हातातला चहा निवायच्या आत सांगून मोकळा व्हायचो. बऱ्याचदा उलटं व्हायचं, पण त्यात चूक मतदारांची असायची.

त्यामुळे इथे शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका लोकल टीव्ही चॅनेलने "आमच्या स्टुडिओत बसून डिबेट बघा आणि उमेदवार कसे वाटले ते सांगा" म्हणून मला बोलावलं, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. उशीरच केला म्हणायचा! मी गेल्याच वर्षी सिटिझन झालो होतो, आणि हे माझं अमेरिकेतलं पहिलंच मतदान असणार होतं.

"काय बोलायचं ते विचार करून बोला," इस्त्रीचा शर्ट हातात देत शैलजा म्हणाली. "आणि ब्रेननकडे लक्ष असू द्या."

ब्रेनन म्हणजे तिचा उमेदवार. राज्याच्या सिनेटसाठी आमच्या भागातून दोघं उभे होते, एक ब्रेनन आणि दुसऱ्या व्हिटलॉकबाई. दोघंही एकाच पक्षाचे! आधी हे आपसांत लढणार, जो जिंकेल तो नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाशी लढणार. याला प्रायमरी म्हणतात.

"एकाच पक्षाचे आहेत, तर भांडतात कशाला?" मी आमच्या इशिताला विचारलं होतं.

"बाबा, दॅट्स द होल पॉइंट!" ती म्हणाली. पॉइंट कुठला, ते काही सांगितलं नाही.

शैलजा ब्रेननसाठी घरोघर फिरत होती, त्याला कारण होतं. इतकी वर्षं इथे राहून तिला कुणी शायला म्हणायचं, कुणी शेल्जा, तर डेंटिस्टकडची बाई सरळ शेली म्हणायची. ब्रेनन इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आला, दोनदा नाव विचारून घेतलं आणि स्वच्छ "शैलजा" म्हणाला! त्या दिवसापासून आमच्या घरात ब्रेननबद्दल वाकडा शब्द काढायची सोय उरली नाही. फेब्रुवारीच्या बर्फात लोकांची दारं वाजवून ती घरी यायची, नाक लालभडक, पण चेहरा असा की जणू स्वतःच निवडून आलीय.

तर, स्टुडिओ. पोचलो तेव्हा एक मुलगी माइकवरून सूचना देत होती, पण मागच्या टेबलावर कॉफी आणि कुकीज होत्या. सूचना काय, कुणीही समजावून सांगेल; कुकीज संपल्या तर संपल्या! परत येऊन खुर्चीत बसलो, तर हातात एक डबी दिली गेली. त्यावर एक गोल बटण, आणि बाजूने शून्यापासून शंभरापर्यंत आकडे.

"हे काय आहे?" शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी हळूच विचारलं. वॉल्टर त्यांचं नाव.

"सोपं आहे," वॉल्टर म्हणाले. "जास्त हवं असेल तर वर फिरवा, कमी हवं असेल तर खाली."

अच्छा! आवाजाचं बटण! काय देश आहे, प्रत्येक माणसाला स्वतंत्र व्हॉल्यूम!

डिबेट सुरू झालं. ब्रेनन असा बोलत होता, की समोर माइक नसून दरी आहे आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी हरवलंय. मी बटण खाली केलं. अजून खाली केलं. पार शून्यावर आणलं, आणि खरंच आवाज कमी झाला! (मागे साउंडवाला त्याच वेळी त्याची बटणं फिरवत होता, हे मला कसं कळणार?) मग व्हिटलॉकबाई उठल्या. त्या इतकं हळू बोलत, की देवळात गाभाऱ्यापाशी उभ्या आहेत असं वाटावं. मी बटण शंभरावर नेलं. पुन्हा ब्रेनन, पुन्हा खाली. पुन्हा बाई, पुन्हा वर. तास संपेपर्यंत मनगट भरून आलं. आणि वॉल्टर मात्र बटण जेमतेम हलवत होते. म्हटलं, बिचाऱ्यांना बहुतेक सगळंच सारखं ऐकू येत असेल.

डिबेट संपलं आणि एक निवेदिका माइक घेऊन थेट माझ्यापुढे उभी! मागे मोठ्या पडद्यावर दोन रेघा होत्या, एक आभाळाला टेकलेली, एक पाताळात गेलेली.

"सर, तुमच्याइतक्या तीव्र भावना इथे कुणाच्याच नव्हत्या! ब्रेनन बोलायला लागले की तुम्ही शून्यावर. का?"

मला कौतुकच वाटलं. ध्वनिव्यवस्थेबद्दल इतकी आस्था! "फार ओरडतात हो ते," मी म्हणालो. "डोकं दुखायला लागलं."

"आणि व्हिटलॉक?"

"त्यांचा आवाज पोचतच नव्हता. मला तो ऐकायचा होता."

निवेदिकेने छातीवर हात ठेवला. "ज्यांचा आवाज पोचत नाही, त्यांचा आवाज तुम्हाला ऐकायचा होता!"

"हो. म्हणून तर वर केलं."

टाळ्या! वॉल्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला काही उमगलं नाही, पण टाळ्या नाकारणारा मी कोण?

घरी आलो तर शैलजा ब्रेननच्या नावाचा टी-शर्ट घालून सोफ्यावर पुतळ्यासारखी बसलेली.

"अहो, काय केलंत हे? सगळ्या शिकागोसमोर माझ्या माणसाला शून्य?"

"शून्य कुठे? फक्त आवाज कमी केला."

"कसला आवाज?"

इशिताने फोनवरून डोकं वर काढलं. "बाबा, वेट. यू थॉट इट वॉज द व्हॉल्यूम?" आणि ती कार्पेटवर आडवी होऊन हसायला लागली. बटण आवडीचं होतं! बोलणं आवडलं तर वर, नाही आवडलं तर खाली! मंडळातल्या दिगंबरचा फोन आला, ग्रुपवर माझा व्हिडिओ फिरत होता. व्हिटलॉकबाईंच्या लोकांनी तर माझं वाक्य माझ्या फोटोखाली छापून इंटरनेटवर टाकलंसुद्धा!

"मी उद्या चॅनेलला फोन करून खरं सांगतो," मी म्हणालो.

"खबरदार!" शैलजा म्हणाली. "नवरा विरोधात आहे, हे मी ब्रेननच्या प्रचाराच्या ऑफिसात कसंबसं निभावीन. नवऱ्याला बटण कळलं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?" आणि आत निघून गेली. मग आठवडाभर आमच्यातलं बोलणं इशितामार्फत चाललं, आणि ती मधले निम्मे शब्द इंग्रजीत करून टाकायची.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात साक्षात ब्रेनन! सोबत लॅपटॉप घेतलेला एक तरुण. माझ्यासारख्या मतदाराला आपण का गमावलं, ते समजून घ्यायला आला होता. शैलजाने धावत जाऊन साबुदाणा वडे तळायला घेतले. ब्रेनन सोफ्यावर बसला, पुढे झुकला, आणि ओठ हलवायला लागला.

काही ऐकू येईना! मी पुढे सरकलो. तो आणखी हळू बोलायला लागला. मी इतका सरकलो, की आमची कपाळं टेकायची वेळ आली.

"सर," मी शेवटी म्हणालो, "जरा मोठ्याने बोलाल का?"

तो तरुण लॅपटॉपवर टाइप करता करता थांबला. "मोठ्याने?" त्याने गोंधळून विचारलं. "पण तुम्हीच तर..."

आता मला राहवेना. वड्यांची बशी घेऊन शैलजा दारात उभी होती, डोळ्यांनी नको नको म्हणत होती, तरी मी सगळं सांगून टाकलं. कुकीज, वॉल्टर, बटण, साउंड, सगळं!

ब्रेननने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "किती सभ्य माणूस आहात तुम्ही!" तो म्हणाला. "मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःकडे कमीपणा घेताय! शैलजा, तुमचे पती फार मोठ्या मनाचे आहेत."

शैलजाने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आमचा साखरपुडा आठवला. मी पुन्हा खुलासा करणार होतो, पण तिने माझ्या तोंडात वडा कोंबला.

पुढच्या डिबेटला ब्रेनन कुजबुजला. आणि व्हिटलॉकबाईंना कुणीतरी सांगितलं असावं की लोकांना तुमचा आवाज ऐकायचाय, कारण त्या अशा गरजल्या की आमच्या टीव्हीवरचा गणपती थरथरला. कोण ब्रेनन आणि कोण बाई, हे मला तरी कळेनासं झालं.

मार्चमध्ये मतदानाला गेलो. शाळेच्या जिममध्ये टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. नाव, सही झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ?"

मी ठणकावलं, "असं कसं सांगू? मत गुप्त असतं!"

"मत गुप्तच आहे, सर. फक्त पक्ष सांगा."

"पक्ष सांगितल्यावर गुप्त काय उरलं?"

मागे रांग वाढत होती. "नसेल सांगायचा तर ही बिनपक्षाची घ्या," म्हणून त्यांनी एक कागद दिला. लोकशाहीचं रक्षण केल्याच्या ताठ मानेने मी आडोशाला गेलो. कागदावर एकच प्रश्न होता: पार्क डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथलं बागखातं) पोहण्याच्या तलावावर छप्पर बांधावं का? ब्रेनन नाही, बाई नाहीत. उलटून पाहिलं, मागे कोरं. म्हटलं, आधी किरकोळ प्रश्न असतील, मग मुख्य कागद मिळेल. "हो"समोरचा गोल काळा केला, कागद मशीनमध्ये सरकवला, आणि उभा राहिलो.

"पुढचा?" मी मशीनपाशी बसलेल्या गृहस्थांना विचारलं.

"झालं, सर!" त्यांनी माझ्या कोटावर स्टिकर चिकटवला. "मतदान केल्याबद्दल धन्यवाद!"

ब्रेनन थोडक्या मतांनी जिंकला. पार्टीत त्याने मला मिठी मारून सगळ्यांना सांगितलं, की याचं मन वळलं तिथेच मी निवडणूक जिंकलो. शैलजा शेजारी उभी होती, आनंदाने नुसती फुलली होती.

परत येताना गाडीत ती हळूच म्हणाली, "खरं सांगा, शेवटी ब्रेननलाच दिलंत ना?"

"मत गुप्त असतं," मी म्हणालो. ती लाजली!

तुम्हाला म्हणून सांगतो, ते छप्पर मात्र पडलं. सपाटून पडलं. मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी.