बिवळपाड्याची तपासणीमुक्ती

पाणी उंचावरून सखलाकडे वाहतं, हा निसर्गाचा नियम झाला. शासकीय पाणी अधिकाऱ्याकडे वाहतं. या दोन्ही नियमांना आजवर अपवाद सापडलेला नाही, आणि बोईसरपासून रिक्षाने तासाभरावर असलेल्या बिवळपाड्याचा तर सगळा स्वयंपाक या दुसऱ्या नियमावर चाले.

पाड्याची नळयोजना कोणालाही अभिमान वाटावा अशी होती. टाकीला केंद्राने पैसे दिले, पाइपांना राज्याने दिले आणि उद्घाटनाच्या नारळाला ग्रामपंचायतीने. घरोघर निळे नळ बसले. प्रत्येक नळाशेजारी घरच्या बाईला उभं करून फोटो काढण्यात आला (हसणं ऐच्छिक होतं). फक्त रोज पंप चालवण्याच्या खर्चाला कोणाच्याच अंदाजपत्रकात जागा मिळाली नाही. ही चूक नव्हे. नळ द्यायचे ठरले होते, ते दिले.

तपासणीसाठी मात्र स्वतंत्र तरतूद होती, आणि ती सढळ होती. त्यामुळे साहेब तपासणीला आले की ठेकेदाराचा पंपवाला बबलू त्या तरतुदीतून पंप चालवी. साहेब गेले की पंप बंद करून टाकीखाली झोपे.

हे शास्त्र पहिल्यांदा उमगलं ते पाणी समितीच्या अध्यक्ष जमुनाबाईंना. (निवडीच्या सभेला त्या एकट्याच गैरहजर होत्या, म्हणून निवड एकमताने झाली.) त्यांनी ‘आमच्या पाड्यात पाणी येत नाय’ अशी तक्रार केली. साहेब आले, पंप लागला, नळाला धो धो पाणी आलं. साहेबांनी ‘तक्रार तथ्यहीन’ असा शेरा मारला आणि चहा घेतला. तोवर पाड्यातली शेवटची कळशी भरली होती. जमुनाबाईंनी दुसऱ्याच दिवशी दुसरी तथ्यहीन तक्रार केली.

मग पाड्याने मागे वळून पाहिलं नाही. साधी तपासणी झाली. त्रयस्थ तपासणी झाली. आकस्मिक तपासणी झाली (ती आठवडाभर आधी कळवून येते, म्हणून तिच्या दिवशी बायका गोधड्या धुवायला काढत). तपासण्या इतक्या का होतात, याचीही तपासणी झाली, आणि त्या दिवशी तर म्हशींनासुद्धा आंघोळ मिळाली. पाड्याची आकडेवारी बघून कार्यालयाचे डोळे दिपले. तक्रारी निकाली, शंभर टक्के. लाभार्थी समाधानी, एकशे चार टक्के (वरचे चार टक्के पाहुणे).

अशा गुणी गावाचा सन्मान होणं अटळ होतं. ऐन मे महिन्यात पत्र आलं: बिवळपाडा ‘तपासणीमुक्त गाव’ म्हणून निवडण्यात आला आहे, यापुढे तेथे कोणीही तपासणीला जाणार नाही.

आणि पुढच्या रविवारी जमुनाबाईंच्या दीपिकाचं लग्न होतं. मांडव दारात, वऱ्हाड तीनशेचं, विहिरीत बेडूक.

जमुनाबाई तडक पालघरला कार्यालयात गेल्या. तिथे नेहमी तपासणीला येणारे दिनानाथ साहेब पेढे वाटत होते.

“सायेब, ते बक्षीस परत घ्या,” जमुनाबाई म्हणाल्या.

“अहो जमुनाबाई, बक्षीस परत घ्यायची तरतूद नाही. शिक्षा असती तर अपील तरी करता आलं असतं.”

“मंग एक तपासनी द्या. लग्नापुरती.”

“कशी देणार? तुमच्या गावात तपासण्यासारखं काहीच उरलं नाही, असा वरून शेरा आहे.”

“तेच सांगते ना मी! काय उरला नाय.”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “आपलं एकमत आहे. पेढा घ्या.”

जमुनाबाईंनी पेढा घेतला. पेढ्याने तहान लागते.

घरी येऊन त्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसल्या. तेवढ्यात होणारा जावई कमलेश मांडवाचं बघायला आला. तो तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होता. सरावलीच्या खोलीवर न जाता, पाळी सुटल्यावर कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून तो सरळ आला होता. तो टाकीजवळून पुढे आला आणि अंगणातल्या नळाने आधी खोकल्यासारखं केलं, मग फुर्रकन हवा सोडली, मग पाणी.

“आये, पानी!” दीपिका ओरडली. “पायगुन बघ त्याचा!”

जमुनाबाईंनी पायांकडे पाहिलं नाही. त्यांनी गळ्याकडे पाहिलं. मग टाकीखाली जाऊन बबलूला विचारलं, “पंप कोनी सांगला चालू कराया?”

“मौसी, ठेकेदार बोला है, जिसके गले में कार्ड, वो साहब. पंप चालू,” बबलू म्हणाला. “पढ़ने को थोड़ी बोला है!”

त्याच संध्याकाळी वऱ्हाडाकडे निरोप गेला. आहेर आणू नका, कार्ड आणा.

कमलेशकडचं निम्मं वऱ्हाड कारखान्यांतलंच. रंगवाले, औषधवाले, तारवाले, बॉयलरवाले, झाडून सगळे कार्ड घालून आले. ज्यांना नव्हतं त्यांनी बसपासचं पाकीट दोरीला बांधलं. लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या धवलेरीनेही एक अडकवलं; त्यावर मिशीवाल्या वॉचमनचा फोटो होता. ढोल वाजवत हा ताफा टाकीजवळून वळला, तेव्हा बबलूने आयुष्यात एवढे साहेब एकदम पाहिले नव्हते. त्याने पंप लावला, दुसरा राखीव पंपही लावला आणि सलाम ठोकून उभा राहिला. पाड्यातले सगळे नळ एकदम सुटले. हळद धुतली गेली, भात शिजला, जमुनाबाईंच्या डोळ्यांतलं पाणीही त्यात कोणाला दिसलं नाही.

बबलूने ठेकेदाराला फोन केला, ठेकेदाराने कार्यालयाला. आपल्याला न विचारता एवढी उच्चस्तरीय समिती आलीच कशी, या धसक्याने दिनानाथ साहेब रविवार असूनही धावत आले. गडबडीत त्यांचं स्वतःचं कार्ड घरी राहिलं होतं, म्हणून बबलूने त्यांना टाकीजवळच अडवलं. शेवटी जमुनाबाईंच्या सांगण्यावरून नवरदेवाने आपलं कार्ड दाखवून त्यांची ओळख पटवली. साहेब धवलेरीच्या शेजारी पंगतीला बसले आणि तिला दोनदा “मॅडम” म्हणाले.

आता बिवळपाड्याला रोज पाणी येतं. पाळी सुटली की जावयाच्या कारखान्यातला एकेक जण आळीपाळीने टाकीवरून चक्कर मारून जातो. कागदोपत्री गाव अजून तपासणीमुक्तच आहे.

शहरातले वाचक हे वाचून हसतील, आणि हसावं. त्यांच्या घरी पाणी रोज वेळेवर येतं, ते कर भरतात म्हणून. तरीपण उद्या सकाळी नळ सुटला की बादली लावायच्या आधी एकदा खिडकीतून खाली बघून घ्या. गळ्यात कार्ड घातलेला कोणी उभा असेल, तर त्याला वर चहाला बोलवा. आणि चहा गरम द्या. बादली भरेपर्यंत तो संपता कामा नये.