कांबळे नाही, तर मॅटिंग नाही

मॅच कोण जिंकलं ते इस्माईलभाईंना कधीच ठाऊक नसायचं. कांबळे आउट झाला की ते "खलास" म्हणायचे आणि पिकअपमध्ये जाऊन आडवे व्हायचे. अर्धा डाव बाकी असला तरी.

हे मस्कतचं सांगतोय, नव्वद सालानंतरचं. इस्माईलभाई रत्नागिरीकडचे, मस्कतच्या हमरिया भागात त्यांचं शिंप्याचं दुकान. मी सुतार, राहायला त्यांच्या शेजारच्या खोलीत. शुक्रवारी सकाळी आमची मराठी माणसांची टीम खेळायची आणि अंपायर मी. शाळा माझी चौथीत सुटली, पण दिलेला आउट मी कधी मागे घेतला नाही. मागे घेतात ते शिकलेले लोक.

मैदान म्हणजे नुसती खडी. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याचं मॅटिंग ताणून कडेनं खिळे ठोकायचे, तेव्हा कुठे खेळता यायचं. ते मॅटिंग इस्माईलभाईंचं. दुकानात कापडाच्या ताग्यांना टेकून उभं असायचं.

कांबळे आमचा विकेटकीपर. एका कंपनीत नकाशे काढायचा. एके काळी त्याचे हात चांगले होते, मग गुडघे गेले. खाली बसला की स्टंप धरून उठायचा. एकदा त्यात बेल्स पडल्या आणि आमच्याच लोकांनी अपील केलं. मी फेटाळलं.

ज्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, त्या वर्षी कॅप्टन शिंदेसाहेबांनी, हे इंजिनियर, कांबळेला बसवून नौशादला घेतलं. नौशाद रायगडचा, दूर सहम गावात दुकानात कामाला, शुक्रवारी मस्कतला यायचा. उंच, दांडगा, चेंडू लांब मारणारा.

इस्माईलभाईंना हे मैदानावर कळलं. ते पिकअपच्या मागे चढले आणि मॅटिंगच्या गुंडाळीवर बसले.

"कांबळे नाय, तर मॅटिंग नाय."

"भाई, कप हातात आलाय हो," शिंदेसाहेब म्हणाले.

"कप कपाटात ऱ्हाईल. कांबळे कुठं ऱ्हाईल?"

कांबळे ओशाळून पुढे आला. "भाई, खरंच गुडघा दुखतोय. मी बसतो ना."

"तुला कोण इचारतो? तू गप ऱ्हा."

समोरची टीम उन्हात ताटकळत होती. जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच उरकायची होती. शिंदेसाहेबांनी घड्याळ बघितलं. "यल्ला, खेळ बाबा कांबळे."

कांबळेनं सोपे कॅच सोडले. बॅटिंगला आला आणि पहिलाच चेंडू पायावर घेतला. मी बोट वर केलं. आम्ही हरलो. शिंदेसाहेब तडक निघून गेले.

परतताना पिकअप इस्माईलभाई चालवत होते. हमरिया आल्यावर म्हणाले, "मेस्त्री, एक चेंडू तरी खेळू द्यायचा होतास."

"पायचीत होता. सरळ समोर."

"आसंल. माझ्या खोलीतल्या खाटा तू बघतोस ना? अर्बाब म्हनतो काम संपलं, व्हिसा कॅन्सल, की मानूस पेटी बांधतो. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसराच. तिथं मला कोण इचारत नाय. हितं तरी इचारा."

मी मॅटिंग उतरवायला मागे गेलो. पायचीत तो होताच.

पुढच्या वर्षी कांबळेच्या कंपनीचं काम संपलं आणि त्याला घरी पाठवलं. इस्माईलभाई विमानतळावर गेले नाहीत, मशीनवर बसून राहिले. आता मॅटिंग येत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण शुक्रवारी पिकअप आली. खिळेही त्यांनीच ठोकले.

त्या दिवशी नौशाद जबर खेळला. आम्ही आरामात जिंकलो. तो घामाघूम होऊन सावलीत आला तशी इस्माईलभाईंनी त्याला जवळ बोलावलं. कौतुक करतील असं वाटलं.

"व्हिसा किती सालांचा हाय रे तुझा?"

"आत्ताच रिन्यू झाला चाचा. दोन वर्षं आहे अजून."

इस्माईलभाईंनी मान हलवली. मग जरा सरकून त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.