वाफलचा साचा दारूगोळ्याच्या तळावरून सोडविला त्याची हकिकत

मौजे क्रायेनहूक, तर्फ ईपर, प्रांत पश्चिम फ्लांडर्स, येथील बिअरखान्यातील समस्त थोर मंडळींचे सेवेशी टपालवाला रेमी याचे विज्ञापन ऐसे जे: आपण हुकूम केला की, तू तीस वर्षे या गावी पत्रे वाटतोस आणि दोन्ही बहिणींचे दारी कॉफी पितोस, तरी साच्याची मोहीम कैसी जाहली ते साद्यंत लिहून द्यावे. आज्ञा शिरी वंदून लिहितो. कागदावर कोठे बिअरचे डाग पडले असतील, ते आपलेच आहेत.

पूर्वी या खंडात राजे बहुत होते आणि ते सारे एकमेकांचे भाऊबंद. कोणी मावसभाऊ, कोणी आतेभाऊ, लग्नाकार्यात एका पंगतीस बसून एकमेकांच्या मिशांची तारीफ करणारे. परंतु एकाच्या आरमाराचा दुसऱ्यास हेवा, आणि दुसऱ्याच्या मुलखाचा तिसऱ्यास. मग प्रत्येकाने कोणाशी ना कोणाशी तह केला की, तुजवर कोणी हात उगारील तर मी त्याचा मुलूख जाळीन. ऐसे तह सर्वत्र जाहले, आणि मग एका परक्या शहरी एका युवराजास कोणी पोराने गोळी घातली, आणि तहामागे तह ओढला गेला, आणि ज्या बटाट्याच्या शेतांनी तो युवराज कधी पाहिला नव्हता ती आमची शेते रणभूमी जाहली.

चार वर्षे फौजा चिखलात खंदक खणून समोरासमोर बसल्या. अर्धा कोस मुलूख घ्यावा, त्यापायी लाख माणूस खर्ची घालावे, आणि पुढील साली तोच अर्धा कोस परत द्यावा, ऐशा थोर लढाया ईपर शहराभोवती जाहल्या. यंत्रेही नवी निघाली. एका मिनिटात पाचशे गोळ्या ओकणारी बंदूक निघाली, हिरवट-पिवळा विषारी वायू निघाला, आणि लोखंडी रणगाडे निघाले, ते शत्रूवर चालून जाण्याआधी आमच्या चिखलात रुतले. तोफगोळ्यांची तर गणती नाही. त्यांतला तिसरा-चौथा फुटलाच नाही, मऊ मातीत शिरून निजला. जे मेले त्यांची नावे शहराच्या वेशीवर कोरली आहेत, त्यांची थट्टा आम्ही करीत नाही. जे फुटले नाहीत ते मात्र आमच्या वाट्यास आले.

म्हणोन या मुलखाचा शिरस्ता ऐसा की, दर वसंतात नांगर फिरला की शेतातून आधी लोखंड निघते, मग बटाटे. शेतकरी गोळा उचलतो, जपून नेतो, रस्त्याकडेच्या विजेच्या सिमेंटच्या खांबापाशी ठेवतो, घरी येऊन फोन करितो आणि जेवावयास बसतो. मग सरकारी फौजेची गाडी येते आणि गोळा घेऊन जाते. याचे कोणास नवल वाटत नाही. दारापाशी दूधवाला बाटली ठेवितो, तैसेच हे.

आता दुसऱ्या महायुद्धाची कैफियत. इसवी सन १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौज पुन्हा आली. या वेळी खंदकात बसण्याचे नाव नाही, आकाशी विमाने आणि जमिनीवर पळते रणगाडे, आणि अठरा दिवसांत आमच्या देशाची शिकस्त जाहली. तेव्हा क्रायेनहूकच्या एका शेतकरणीने मसलत केली की, मागील खेपेस जर्मनांनी किटल्या नि दाराच्या कड्याही नेल्या, तरी या खेपेस घरातील श्रेष्ठ लोखंड वाचवावे. ते लोखंड म्हणजे वाफलचा साचा. दोन जड पाट्या, आतून चौकडीची नक्षी, आणि दोन लांब मुठी. नववर्षाच्या पातळ, कुरकुरीत वाफली त्यात होत, आणि तो आईकडून लेकीकडे चार पिढ्या आला होता. शेतकरणीने थोरली लेक झुल्मा, वय बारा, इजला हुकूम दिला की साचा पुरून ये. झुल्माने त्यास डुकराची चरबी फासली, डांबरी कापडात गुंडाळला, आणि नासपतीच्या झाडाखाली पुरला.

दुसऱ्या दिवशी धाकटी लेक इर्मा, वय नऊ, आईपुढे उभी राहून जबानी देती जाहली की, झुल्माने साचा पुरला नाही, तो एका लठ्ठ जर्मन आचाऱ्यास चॉकलेटच्या बदल्यात दिला, मी डोळ्यांनी पाहिले. आई नासपतीपाशी धावली, तो त्याच सकाळी तेथे बॉम्ब पडून झाड ना बुंधा, मोठा खड्डा मात्र होता. आईने झुल्मास दोन मुस्कटात दिल्या. युद्ध संपल्यावर खड्डे बुजविले, बांध मोडले, आणि झाड कोठे होते हेच कोणास सांगता येईना.

तेथून तिसरे महायुद्ध लागले ते एकुणऐंशी वर्षे चालले. झुल्माबाई रस्त्याच्या या अंगास नांदल्या, इर्माबाई त्या अंगास, मध्ये अकरा पावलांचा डांबरी रस्ता, आणि तो कोणी ओलांडीना. झुल्माबाईंनी आजवर चौदा वेळा शेत खणविले. साचा निघाला नाही, सत्तावीस तोफगोळे निघाले. दर खेपेस इर्माबाई पडदा बाजूस सारून पाहात, आणि मी पत्र घेऊन गेलो की विचारीत, “काय रे रेमी, सापडलं का चॉकलेट?” हे मी पलीकडे कळवीत नसे, तरी कळे. त्यांची आई मरण पावली ती थोरलीस खोटारडी समजूनच मेली, आणि हे शल्य झुल्माबाईंच्या जेवणात, झोपेत, बोलण्यात सर्वत्र होते. आता वय एक्क्याण्णव. साचा मरणापूर्वी सापडावा, एवढीच त्यांची मागणी उरली होती.

ऐशियात २०१९ साली एप्रिल महिन्यात झुल्माबाईंचे जावई, रणधुरंधर ओडिल व्हेरहागे, पायी रबरी बूट घालून बटाट्याच्या स्वारीस निघाले. सकाळी चार गोष्टी निघाल्या. शिरस्त्याप्रमाणे खांबापाशी ठेविल्या, फोन केला, दहा वाजता फौजेची गाडी येऊन घेऊन गेली. बारा वाजता ओडिल सूप पिण्यास बसले. त्यांच्या पत्नी गोडलिव्ह, म्हणजे झुल्माबाईंच्या लेक, पाव कापीत होत्या.

“आज काय निघालं?” गोडलिव्हबाईंनी विचारले.

“तीन इंग्रजी गोळे. आणि एक जर्मन हातगोळा, दांड्याचा. म्हणजे दोन असावेत, चिकटलेले. दोन मुठी होत्या.”

झुल्माबाईंनी चमचा खाली ठेविला. “कापडात होता का?”

“कसलं तरी काळं कापड होतं, आई. डांबराचा वास येत होता.”

“आणि तू तो फौजेला दिलास?”

“मग काय घरात आणू? सिमेंटसारखी माती चिकटली होती त्याला. मी हात लावला हेच खूप.”

“माझा साचा तू फौजेला दिलास,” झुल्माबाई बोलल्या, आणि उभ्या राहून कोट मागत्या जाहल्या.

आता प्रसंग ऐसा होता की, गाडी गोळे नेते त्या फौजेच्या दारूगोळ्याच्या तळावर रोज दुपारी दोनला खड्डा भरून त्या दिवसाचा माल उडवितात. फोन करावा, तर फोनवर बाई सांगे की आपला फोन महत्त्वाचा आहे, आणि मग वाजंत्री लागे. गाडी होती ती गॅरेजात चाकांवाचून उभी. मग गोडलिव्हबाईंनी कुलमुखत्यारी हाती घेऊन ट्रॅक्टर जुंपविला, मागील ट्रॉलीत बटाट्यांच्या पोत्यांमध्ये खुर्ची बांधिली, खुर्चीत मातोश्री बांधिल्या, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी फौज कूच करिती जाहली. ट्रॅक्टर हा रणगाड्याहून श्रेष्ठ. तो चिखलात रुतत नाही, परंतु पळतही नाही.

पहिली लढाई रस्त्यावर जाहली. एप्रिल महिना आमच्याकडे सायकलशर्यतींचा, तेणेकरून पुढे चाळीस सायकलस्वार, तंग रंगीत कपडे, ढेऱ्या पुढे काढून, सारा रस्ता अडवून चालले होते. ओडिल यांनी भोंगा वाजविला. कोणी हलेना. मग ट्रॉलीतून झुल्माबाईंनी स्वतः जाबसाल केला.

“अहो पोटवाले, बाजूला व्हा. मी एक्क्याण्णव वर्षांची आहे, मला वेळ कमी आहे.”

“आजी, आम्हीही रिटायर्डच आहोत,” त्यांतला एक बोलला.

“मग घरी बसा की. बायकोने हाकललं का?”

सायकलस्वारांत हसण्याची फूट पडली, आणि त्यांची रांग रस्त्याच्या कडेस सरली. एकाने गोडलिव्हबाईंना झाला प्रकार विचारिला, आणि ऐकून तेथेच बाजू बदलली. पुढील तीन कोस चाळीस सायकलस्वार ट्रॅक्टरपुढे वाट मोकळी करीत गेले. ऐसी कुमक फ्लांडर्सच्या इतिहासात कोणास मिळाली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी तळाच्या दरवाजास वेढा पडला. दरवाजावर सार्जंट लीव्हन, उंच, तरणे, कायद्याचे पक्के.

“आजी, इथे आत येता येत नाही. आत दारूगोळा आहे.”

“आत माझा साचा आहे.”

“कसला साचा?”

“वाफलचा.”

सार्जंटांनी चाळीस सायकलस्वारांकडे पाहिले, मग कागद काढिला. “नोंदीशिवाय काही शोधता येत नाही. कोणत्या सैन्याचा? जर्मन, इंग्रज की फ्रेंच?”

“माझ्या आईचा.”

“व्यास किती?”

“एका वेळी चार होतात.”

“आजी, इथे आकडा लागतो.”

“मग चार लिही.”

सार्जंटांनी चार लिहिले. मग म्हणाले की, सकाळच्या गाडीत क्रायेनहूकचा एक संशयित हातगोळा आहे खरा, तो खड्ड्याच्या यादीत लागला आहे, आणि यादीत लागलेली वस्तू फिरत नाही. हे ऐकून झुल्माबाई उठू लागल्या. त्यांनी खुर्चीची दोरी सोडविण्याचा यत्न केला, ती सुटेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“बाळा,” त्या बोलल्या, “माझी आई मला चोर समजून मेली. तुझं दोनचं टायमिंग तू सांभाळ. पण उडवण्याआधी एकदा आत बघ.”

सार्जंटांनी कागद खिशात घातला. मग आत गेले. तळावर क्ष-किरणांचे यंत्र आहे, गोळ्याच्या पोटात वायू आहे की दारू हे त्याने कळते. त्यात तो मातीचा गोळा ठेविला. अर्ध्या तासाने सार्जंट तसबीर हाती घेऊन आले, ती उजेडात धरिली, तो काळ्यावर पांढरी चौकडी, स्वच्छ, एकसारखी, कोपऱ्यास एक लहान फूल.

“कोपऱ्यात फूल आहे,” सार्जंट बोलले. “माझ्या आजीच्या साच्यावर चांदणी आहे.”

“चांदणीचे साचे नंतरचे,” झुल्माबाई बोलल्या. “आमचा जुना आहे.”

दोनला दहा मिनिटे असता साचा खड्ड्याच्या यादीतून काढिला. सुटकेच्या कागदावर नोंद ऐसी जाहली: प्रकार घरगुती, स्फोटक नाही, भरण लोणी. हा कागद अद्याप फौजेच्या दफ्तरात आहे आणि वरिष्ठांनी त्यावर सही केली आहे. आणि दोन वाजता जेव्हा बाकी माल उडाला आणि जमीन हादरली, तेव्हा झुल्माबाई साचा मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसल्या होत्या आणि ओडिल यांस सांगत होत्या की खड्डे बघून चालव.

गावात येताच झुल्माबाईंनी दिग्विजयाचा बेत सांगितला. साचा रस्त्याच्या मध्यभागी खुर्चीवर ठेवावा, पलीकडे खलिता धाडावा, सर्व गाव जमवावे, आणि इर्माने सर्वांसमक्ष माफी मागावी. खलिता माझ्याच हाती दिला. मी अकरा पावले गेलो. इर्माबाई दारातच उभ्या होत्या, कारण पडद्याआडून सर्व पाहून झाले होते. त्यांनी खलिता वाचला नाही. काठी घेतली आणि रस्ता ओलांडिला.

साच्यापाशी येऊन त्या वाकल्या. गाव वाट पाहात होते. बिअरखाना रिकामा जाहला होता, हे आपणांस स्मरत असेलच.

“मला माहीत होतं,” इर्माबाई बोलल्या.

“काय माहीत होतं?”

“पुरलास ते. मी तुझ्या मागे आले होते. कुंपणाशी उभी होते.”

झुल्माबाईंनी अगदी हळू विचारिले. “मग आईला तसं का सांगितलंस?”

“तू एकटीने नेलास. मी म्हटलं, एक मूठ मला धरू दे. तू म्हणालीस, जा घरी, तू लहान आहेस, पाडशील.” इर्माबाईंनी काठी डांबरावर टेकली. “मला वाटलं दोन दिवस ओरडा खाशील, मग आई जाऊन उकरेल. बॉम्ब पडेल हे मला काय माहीत.”

“नंतर सांगायचंस.”

“पहिल्या वर्षी भीती वाटली. मग लाज वाटली. मग आई गेली. मग म्हटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू.”

बखरकाराने मोठी युद्धे कैसी लागतात याविषयी वर पुष्कळ लिहिले आहे, तहनामे, आरमारे, युवराज वगैरे. ते सर्व खोडावे ऐसे त्यास त्या क्षणी वाटले.

झुल्माबाईंनी बेत केला होता तो माफीचा. माफी मागितली गेली की नाही हे लिहिणे कठीण, कारण तैसा शब्द कोणी उच्चारला नाही. झुल्माबाई साच्याकडे पाहात राहिल्या, मग बहिणीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, आणि मग फार थकवा आला.

“तेव्हा तू खरंच पाडला असतास,” त्या बोलल्या.

“पाडला असता,” इर्माबाई बोलल्या.

“जड आहे. ती बाजू धर.”

मग एक मूठ झुल्माबाईंनी आणि एक मूठ इर्माबाईंनी धरिली, आणि दोघी मिळून साचा घरात नेत्या जाहल्या. उंबऱ्यापाशी अडखळल्या, तेव्हा ओडिल मदतीस धावले, त्यांस दोघींनी एकदम दटावून मागे लोटिले. नववर्षाचा जिन्नस एप्रिलात करणे हे रीतीस सोडून आहे ऐसे इर्माबाईंनी स्वयंपाकघरातून जाहीर केले, आणि त्यावर साखर किती घालावी यावरून आत पुन्हा आवाज चढले, ते रस्त्यापर्यंत ऐकू आले.

येणेप्रमाणे शके १९४१, चैत्र मासी, मौजे क्रायेनहूक येथे फत्ते जाहली. कामास आले ते एक डांबरी कापड आणि पहिल्या घाण्याच्या चार वाफली, त्या करपल्या. जखमी कोणी नाही. कैद जाहले ते कोणी सोडविणे बाकी नाही. हे मी दारात उभा राहून स्वतः पाहिले, हाती त्या दिवशीचे एकही पत्र नव्हते, आणि आत बोलावणे येईपर्यंत मी तेथून हललो नाही.