फिशटँक हलवताना

माशांना पत्ता लागू न देता टँकमागचं चित्र बदलायचं, यात काय कठीण आहे? कळंबच्या कचेरीत अठरा वर्षं मी फायली अशा सरकवल्यात, की साहेबांच्या बापालाही कळलं नाही!

रविवारी सकाळी मी घरात हुकूम सोडला. दिवे बंद, पडदे बंद, बोलायचं ते कुजबुजून! मासे बिथरले तर मरतात!

"कुकर तरी लावू का?" बायकोनं, सुनीतीनं, विचारलं.

"शिटी झाली तर मी चिडेन!"

"मंग आता काय हसून राह्यले?" ती म्हणाली.

दात-ओठ खात मी स्टँड वीतभर पुढे ओढला, फटीत आडवा होऊन कमरेपर्यंत शिरलो आणि जुनं चित्र हलकेच सोललं. नवीन निळा समुद्र दातांत धरलेला. तेवढ्यात शेजारच्या बेबीताई विरजण मागायला आल्या.

सुनीतीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, ताई. आत हलवणं सुरू आहे."

आमच्याकडे हलवणं म्हणजे एकच, पेशंटला नागपूरला हलवणं! त्यात बंद पडदे, अंधार! बेबीताई बोंबलत पळाल्या. पाच मिनिटांत गल्लीतला जीपवाला गुलाबसिंग जीप घेऊन दारात, मागे अर्धी गल्ली!

त्यांना दिसले फक्त माझे दोन पाय.

"भाऊ पडले वो!"

"म्म्म! म्म्म!" मी संतापून ओरडलो.

"जीभ जड झाली! लकवा आहे, ओढा!"

ओढला मला, पोत्यासारखा! चित्र तोंडातून पडलं आणि मी गरजलो, "सोडा, हरामखोरांनो! मासे घाबरतील!"

"भरमले," गुलाबसिंग हळहळला. "मासे दिसून राह्यले त्यायले!"

अंधारात टँक कोणाला दिसतो? आणि सुनीतीचं कोण ऐकतं? जीपमध्ये मी गुलाबसिंगच्या सात पिढ्या काढल्या. दवाखान्यात बीपी एकशे ऐंशी निघालं! तिथल्या डॉक्टरनं संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.

फणफणत घरी आलो. पाहतो तर टँकमागे निळा समुद्र चपखल बसलेला! शेजारी बेबीताई फुर्र फुर्र चहा पीत होत्या.

"कोणी लावलं हे?"

"आम्ही दोघींनी," सुनीती म्हणाली. "दहा मिनिटं लागले. गप्पा मारता मारता झालं."

"आणि मासे?"

"ते कायले घाबरतात?"

"काहून नाही घाबरणार?" मी तणतणत टँकपाशी गेलो. पाचही मासे सुर्रकन दगडामागे!

बेबीताईंनी बशी खाली ठेवली आणि माशांना म्हणाल्या, "भाऊ जाते आता आंघोळीले. या बाहेर."